मुंबईतले वन आरके : पावणेतीनशे चौरस फुटांच्या घराचे परीक्षण

मुंबईत घर शोधणाऱ्या बहुतेक जोडप्यांचा निर्णय शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: शहरात लहान घर घ्यायचे, की लोकलने तास-दीड तास लांब मोठे घ्यायचे. आम्ही दोघांनी पहिला पर्याय निवडला आणि मुलुंड पूर्वेला एका नव्या बहुमजली इमारतीत वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर असलेले घर, भाड्याने घेतले. पावसाळा, उन्हाळा, पाहुणे, आजारपण, घरून काम असे सगळे प्रसंग त्या घरात निभावून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. ते एखाद्या विकासकाचे किंवा इमारतीचे नसून त्या प्रकारच्या घराचे आहे, कारण हाच आराखडा किरकोळ फरकाने बोरिवलीपासून डोंबिवलीपर्यंत पाहायला मिळतो. माझे मत आधीच सांगते. असे घर दोन माणसांना चांगले पुरते आणि त्यात सुखाने राहता येते. मात्र ते कितपत पुरेल हे चौरस फुटांपेक्षा आराखड्यावर, छताच्या उंचीवर आणि दाराबाहेर काय आहे यावर जास्त ठरते. घर दाखवताना नेमक्या या तीन गोष्टींविषयी कोणी बोलत नाही.

आमच्या घराचे कार्पेट क्षेत्रफळ, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली जागा, २७५ चौरस फूट आहे. १५ बाय १० ची मुख्य खोली, ८ बाय ७ चे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास मिळून साधारण ३८ चौरस फूट, आणि उरलेली तीसेक चौरस फूट जागा म्हणजे मुख्य दारापासून खोलीपर्यंत जाणारा ३ फूट रुंदीचा पॅसेज. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि स्वयंपाकघरासाठी किमान ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फूट जागा सांगितली आहे. आमचे घर या दोन्ही मापांत बसते, त्यामुळे नियमाच्या बाजूने काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते पॅसेजविषयी. घराचा एक दशांशाहून अधिक भाग ज्या जागेत जातो तिथे बसता येत नाही, धड झोपता येत नाही आणि नेहमीच्या मापाचे कपाट ठेवले तर अंग चोरून जावे लागते. त्यातून संडासाचे दार पॅसेजमध्ये बाहेरच्या बाजूला उघडते, आणि ते उघडे असेपर्यंत मुख्य दारातून आलेल्या माणसाला तिथेच थांबावे लागते.

आम्ही या पॅसेजच्या एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत ९ इंच खोलीच्या फळ्या मारून घेतल्या आणि चपला, पुस्तके, औषधे, धान्याचे डबे, घडी केलेले कपडे असे सगळे तिथे हलवले. खोली तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागली. त्याच मजल्यावर कोपऱ्यातले वन आरके क्षेत्रफळाने आमच्याएवढेच आहे, पण तिथे पॅसेज जवळजवळ नाही. दार थेट खोलीत उघडते, स्वयंपाकघर खोलीला लागून आहे आणि खिडक्या दोन दिशांना आहेत. दोन्ही घरांचे भाडे सारखे आहे. लहान घर पाहायला जाणाऱ्याने क्षेत्रफळाचा आकडा ऐकून घ्यावा, पण त्यातला पॅसेज किती हे स्वतः मोजून वजा करावे.

स्वयंपाकघराविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण वन आरकेतल्या दिवसाचा बराचसा ताण तिथेच तयार होतो. आमच्या ओट्याची लांबी ६ फूट आहे. त्यातले दीड फूट सिंकने आणि अडीच फूट शेगडीने व्यापल्यावर जे दोन फूट उरतात, त्यात पोळपाट, पिठाचा डबा आणि पोळ्यांचे भांडे अशी तिन्ही एकाच वेळी मावत नाहीत. सुताराकडून ओट्याखाली ओढून बाहेर काढता येणारी एक फळी करून घेतली आणि पोळ्या तिच्यावर लाटायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न मिटला. दुसरा प्रश्न मात्र मिटलेला नाही. स्वयंपाकघराला दार नाही आणि त्याची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे नळांसाठी ठेवलेल्या बंदिस्त उभ्या पोकळीत, उघडते, त्यामुळे मिरचीची फोडणी दिली की ठसका पलंगावर झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचतो, आणि खालच्या मजल्यावर कोणी बोंबील तळले तर तो वास आमच्या चादरींनाही लागतो. रात्रपाळी करून आलेला नवरा सकाळी झोपलेला असताना मी मिक्सर लावत नाही. चटणी आणि वाटण आदल्या संध्याकाळीच करून ठेवते. ज्या वन आरकेचे स्वयंपाकघर बाहेरच्या भिंतीला आहे आणि ज्याला किमान सरकते दार बसवता येते, ते पाच-पन्नास चौरस फूट लहान असले तरी मी पसंत करीन.

फर्निचरच्या बाबतीत बाजारात लहान घरांसाठी म्हणून जे विकले जाते, त्यातले निम्मे तरी लहान घरात गैरसोयीचे ठरते. सोफा-कम-बेड हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दिवसा तो जागा वाचवतो हे खरे, पण रात्री तो उघडायला समोर सहा फूट मोकळी जागा लागते, म्हणून रोज रात्री टीपॉय उचलायचा, सकाळी अंथरूण घडी करून कुठेतरी ठेवायचे, आणि ज्या दिवशी एकाला बरे नसते त्या दिवशी दुसऱ्याला बसायलाही जागा उरत नाही. हायड्रॉलिक पलंगाखाली भरपूर सामान मावते, पण त्यावर माणूस झोपलेला असताना खालची वस्तू मिळत नाही. त्यामुळे तिथे गाद्या, बॅगा, लोकरीचे कपडे अशा क्वचित लागणाऱ्या गोष्टीच ठेवाव्यात. भिंतीत उभा दुमडला जाणारा पलंग आम्ही एका नातेवाइकांकडे पाहिला. तो उत्तम आहे, मात्र त्याचे कब्जे आणि गॅस पंप चांगल्या प्रतीचे हवेत, आणि भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. भाड्याच्या घरात तो करून घेण्यात अर्थ नाही. आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरला तो साधा, खाली कप्पे असलेला लाकडी दिवाण, जो दिवसा बैठक असतो आणि रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गादी टाकली की दोघांची सोय होते. कामाच्या आणि जेवणाच्या टेबलाऐवजी भिंतीला बिजागरीवर लावलेली, वापर झाला की खाली पडणारी फळी पुरते.

आता छताच्या उंचीविषयी. अमेरिकेत गेल्या काही दशकांत लहान घरांची, विशेषतः चाकांवरच्या घरांची, एक चळवळच उभी राहिली आणि तिथल्या आदर्श निवासी बांधकाम संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत ४०० चौरस फूट किंवा त्याहून लहान घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले. त्या परिशिष्टात झोपण्याच्या माळ्याला किमान ३५ चौरस फूट जागा हवी असे सांगितले आहे, आणि त्या माळ्यावर शिडीने चढण्याची मुभा दिली आहे. म्हणजे तिथल्या लहान घराची सगळी रचनाच उंचीचा उपयोग करण्यावर उभी आहे. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींतही हेच होते. छत उंच असे, म्हणून पोटमाळा निघत असे, आणि त्या पोटमाळ्यावर कुणी अभ्यास करी, कुणी झोपे. आपल्याकडच्या नव्या इमारतींत छत राष्ट्रीय संहितेतल्या २.७५ मीटर या किमान उंचीच्या आसपासच ठेवतात, म्हणजे जेमतेम ९ फूट. त्यात झोपण्याचा माळा काढला तर खाली वाकून चालावे लागेल आणि वर सरळ बसता येणार नाही. आपल्याकडे घराची किंमत जमिनीच्या क्षेत्रफळावर लावली जाते, पण लहान घरात राहणारा माणूस वरची हवाही वापरत असतो, आणि नव्या वन आरकेत ती त्याच्याकडून काढून घेतलेली आहे. छत केवळ दोन फुटांनी उंच असते, तर याच २७५ चौरस फुटांत एका मुलाची झोपायची आणि अभ्यासाची सोय झाली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दाराबाहेरच्या जागेचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. १९२० च्या दशकात बांधलेल्या वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींत खोली १६० चौरस फुटांची होती, म्हणजे आमच्या घराच्या निम्म्याहून थोडी मोठी, आणि तिच्यात आई-वडील, मुले, कधी गावाहून आलेला दीर किंवा भाचा अशी सहा-सात माणसे राहिली. माझी मावशी डिलाईल रोडला राहत असे. तिच्या खोलीत कपाट, पलंग, मोरी आणि शेगडी यांच्यामध्ये उभे राहायला जेमतेम जागा होती, पण खोलीचे दार दिवसभर उघडे असे आणि दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या मधून जाणारा व्हरांडा हाच त्या सगळ्यांचा दिवाणखाना होता. गहू तिथे निवडले जात, मुले तिथे पाढे म्हणत, उन्हाळ्यात पुरुष मंडळी तिथे पथारी टाकत. त्या चाळीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मजल्यावरच्या सार्वजनिक संडासाची रांग, नव्या जोडप्याला न मिळणारा एकांत आणि एका घरातले भांडण सगळ्या मजल्याला ऐकू जाणे हे मावशीने कसे सोसले ते मला ठाऊक आहे. म्हाडाच्या पुनर्विकासात वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत आणि वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या चाव्या हातात पडल्या, याचा मला मनापासून आनंद झाला.

परंतु नव्या वन आरकेने व्हरांडा काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात फक्त स्वतःचा संडास दिला. दाराबाहेर लिफ्टची लॉबी आहे. आगीच्या नियमांमुळे तिथे खुर्चीच काय, चपलांचा स्टँडही ठेवता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. त्यामुळे घर २७५ चौरस फुटांवर संपते. आमच्या इमारतीत पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या वरच्या सामाईक गच्चीवर, चालायला जागा आणि बसायला बाके आहेत, ही या घराची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. माझे लांबलचक फोन तिथे होतात, नवऱ्याचे वाचन तिथे होते, आणि दोघांपैकी एकाला काही काळ एकटे राहावेसे वाटले तर तो तिथे जातो. ज्या इमारतीत असे काही नाही आणि खाली फक्त वाहनतळ आहे, तिथे वन आरके घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन.

पावसाळा हा या घराचा कठीण काळ आहे. जुलैमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि ते वाळवायला खोलीशिवाय दुसरी जागा नसते. छताला पुलीवर वर-खाली होणाऱ्या दांड्या लावल्या तर कपडे डोक्यावरून जातात आणि खालची जागा मोकळी राहते, पण ओलावा खोलीतच राहतो. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे पहिल्याच पावसाळ्यात काळसर बुरशी धरली. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढले, दुपारी पंखा आणि खिडकी दोन्ही चालू-उघडी ठेवली, तेव्हा ती आटोक्यात आली. दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेल्या कोपऱ्यातल्या घरात हा त्रास बराच कमी आहे.

आता या घराची ओढ कशाची, ते सांगायला हवे. पहिली गोष्ट जागा, म्हणजे घराची नव्हे, शहरातली. आमचे घर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. याच पैशांत बदलापूर किंवा टिटवाळ्याला वन बीएचके मिळाले असते, पण मग रोजचा गर्दीतला प्रवास वाढला असता आणि नवऱ्याच्या पाळ्यांच्या वेळा पाहता आम्ही एकमेकांना आठवड्यातून एकदाच धड भेटलो असतो. संध्याकाळी घरी लवकर पोहोचून एकत्र चहा पिणे ज्यांना शक्य झाले आहे, त्यांना खोली दहा फूट रुंद आहे याचे फारसे वाटत नाही. दुसरी गोष्ट घरकामाची. केर-फरशी पटकन उरकते, हरवलेली वस्तू लगेच सापडते, आणि छोट्या क्षमतेचा एसी उन्हाळ्यात सगळे घर गार करतो. नवी वस्तू आणण्याआधी कोणती जुनी वस्तू बाहेर जाणार हे ठरवावे लागते, त्यामुळे घरात जे आहे ते सगळे वापरातले आहे. मला स्वतःला हे आवडते, आणि मोठ्या घरात गेलो तरी ही सवय सोडणार नाही.

खर्चाचा हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नाही. आमचे भाडे त्याच इमारतीतल्या वन बीएचकेच्या साधारण दोन तृतीयांश आहे, आणि ते परवडते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे, हाही लहान घराच्या मालकाचा खरा लाभ आहे. पण गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सुरक्षारक्षक, सफाई, सामाईक वीज अशा सेवांचे शुल्क घराच्या आकारावर न लावता सर्व सदनिकांना समान लावले जाते. म्हणजे पावणेतीनशे फुटांचे वन आरके आणि त्याच्या तिप्पट मोठे घर सेवाशुल्क सारखेच भरतात. या तत्त्वामागे तर्क आहे, कारण रक्षक सगळ्यांनाच सारखा राखतो. तरीही लहान घर विकत घेणाऱ्याने हप्त्याबरोबर हा आकडाही आधीच विचारून घ्यावा, विशेषतः जलतरण तलाव आणि क्लब असलेल्या संकुलात. तिथे जे वापरायला वेळही मिळत नाही, त्याचा खर्च दर महिन्याला द्यावा लागतो.

साताऱ्याहून सासू-सासरे येतात तेव्हा या घराची मर्यादा कळते. आई आणि मी खोलीत झोपतो, अण्णांना दिवाण आणि नवऱ्याला पॅसेजमध्ये गादी, अशी व्यवस्था ठरलेली आहे. अण्णांना पहाटे पाचला जाग येते. आम्हा सगळ्यांची झोपमोड नको म्हणून ते दिवा न लावता दिवाणावर तसेच बसून राहतात, आणि मी उठले की पहिले विचारतात, ‘‘सूनबाई, आता जरा रेडिओ लावला तर चालेल ना?’’ त्या प्रश्नाने मला दर वेळी अवघडल्यासारखे होते. त्यांना कुणी काही म्हणत नाही, पण एकाच खोलीत झोपायच्या आणि उठायच्या वेळा वेगळ्या असल्या की कुणाला तरी स्वतःला आवरून घ्यावे लागते, आणि ते बहुधा घरातले वडीलधारे माणूसच असते. आजारपणातही हाच प्रश्न येतो. नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा त्याला शांतता हवी होती आणि मला कार्यालयाच्या बैठका घरून करायच्या होत्या; मी त्या पोडियमच्या बाकावर बसून केल्या. २०२० मध्ये घरातल्या आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवा असा सल्ला दिला जात होता, तो एका खोलीच्या घरातल्या मुंबईकरांनी कसा पाळला असेल याची कल्पना मला इथे राहायला आल्यावर आली.

विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी थोडे सांगते. नमुना सदनिका पाहताना फर्निचरची मापे घ्या. तिथला पलंग नेहमीच्या सव्वासहा फुटांपेक्षा आखूड असू शकतो आणि फ्रिज, धुलाई यंत्र, गॅसचा दुसरा सिलिंडर हे बहुधा मांडलेलेच नसतात. स्थावर संपदा कायद्यातल्या कार्पेट क्षेत्रफळाच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि स्वतंत्र बाल्कनी धरलेल्या नाहीत, पण घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरलेली आहे. लहान घरात ती जाडीही मोलाची असते, म्हणून प्रत्येक खोलीचे आतले माप वेगळे मागा. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे झाले आहे, आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात सर्वांत कमी उत्पन्न गटाच्या घराची मर्यादा ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट होती. खासगी विकासक भरपूर किंमत घेऊन त्याहून लहान घर देत असेल, तर त्या बदल्यात निदान स्थान, उजेड आणि वारा पुरेपूर मिळायला हवा.

नोकरी करणारे एकटे माणूस, नवे जोडपे, किंवा मुले परगावी असलेले निवृत्त पती-पत्नी यांना मी वन आरके घ्यायला सांगेन. शाळेत जाणारे मूल असेल किंवा आई-वडील कायमचे सोबत राहणार असतील, तर सांगणार नाही, मग भाडे कितीही परवडो. आमच्यापुरते ठरले आहे. आमचा करार पुढच्या महिन्यात संपतो आहे आणि त्याच मजल्यावरचे कोपऱ्यातले वन आरके रिकामे होत आहे. त्याची अनामत आम्ही देऊन टाकली आहे, आणि पॅसेजमधल्या फळ्या कुठे लावता येतील ते पाहायला सुतार रविवारी येणार आहे.